साठीनंतर काटा खाली आला की...

‘आता या वयात वजन उतरवून काय करायचंय?’ साठी ओलांडलेल्यांचं हे ठरलेलं वाक्य. अहो, करायचंय पुष्कळ!

आधी गुडघे घेऊ. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्यांची झीज झालेल्या, वजन जास्त असलेल्या ज्येष्ठांना चालायला लावून सांध्यावर येणारा भार मोजला. २००५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा : अंगावरचं एक किलो उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. म्हणजे पाच किलो कमी केलेल्या आजींच्या गुडघ्यांवर हजार पावलांत तब्बल वीस टन भार कमी!

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असाल, तर पुढचा आकडा तुमच्यासाठीच. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. एकूण गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. साठीपुढच्यांत? ७१ टक्क्यांनी! त्याच चाचणीत तपासलेल्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा मात्र याच वयोगटात फारसा उपयोग दिसला नाही.

‘चाळिशीतच चयापचय मंदावलं’ हेही खरं नाही. २०२१ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे होते. विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळपास स्थिर असतो. पुढे वर्षाला एक टक्क्याहूनही कमी घसरतो.

आणि चरबी जाते कुठे? घामात नव्हे. दहा किलो चरबी जळली, तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात. उरलेल्याचं पाणी होतं.

आता एक किस्सा आपल्या पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! तेव्हा काट्याच्या जोडीला शिंप्याची टेपही हवी. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हायचं.

सगळ्यात मोलाची गोष्ट स्नायूंची. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये पासष्टीपुढच्या लठ्ठ माणसांवरची वर्षभराची चाचणी आली. परीक्षा अगदी रोजच्या कामांची : खुर्चीतून उठा, कोट चढवा, जमिनीवर पडलेलं नाणं उचला, जिना चढा. नुसतं खाणं कमी केलेल्यांचे गुण १२ टक्क्यांनी वाढले. खाण्यावर ताबा आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे २१ टक्क्यांनी. वजन दोन्ही गटांत साधारण सारखंच उतरलं होतं, पण व्यायाम केलेल्यांचे स्नायू कमी झिजले. म्हणून उपाशी राहून वजन उतरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. उपवासाच्या साबुदाण्यात स्नायूंना लागणारी प्रथिनं जवळजवळ नसतातच. ताटात मुगाची उसळ, दही, अंडं किंवा मासे हवेत. आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज हवा. सुरुवातीला पाच वेळा जमलं तरी छान.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. वजन उतरू लागलं की जुना डोस जास्त होऊ शकतो, आणि चक्कर येऊन पडणं या वयात महागात पडतं. मात्र काहीच न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटलं, तर ‘बरं झालं, बारीक झालो’ म्हणून खूश होऊ नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.