दोनशे पौंडांचा कूलर

सातपूरच्या एमआयडीसीत महिंद्र, बॉश, सिएट यांच्या भिंतींच्या आसपास जॉबवर्कवाल्यांचे शेड आहेत. ड्रॉइंग येतं, मटेरियल येतं, सीएनसीवर टर्निंग होतं आणि चलानासह माल परत जातो. ओझरला एचएएल असल्यामुळे विमानाचे सुटे भाग नाशिकला नवे नाहीत. पण तोच भाग परदेशी जायचा झाला की ‘स्कोमेट’ची, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची, यादी आडवी येते.

या यादीतला सहावा वर्ग युद्धसामग्रीचा. तो बरीच वर्षं रिकामाच होता, 2017 मध्ये भरला. त्याचे परवाने प्रामुख्याने संरक्षण उत्पादन विभाग देतो, बाकीचे बहुतेक विदेश व्यापार महासंचालनालय. मेख आहे ती ‘लष्करी वापरासाठी खास रचलेला’ या शब्दांत. ट्रकचा ब्रॅकेट आणि तोफगाडीचा ब्रॅकेट टेबलावर शेजारी ठेवले तर कामगाराला फरक दिसेलच असं नाही. फरक असतो ड्रॉइंगच्या कोपऱ्यात. यादीत बसणारं ड्रॉइंग नुसतं ई-मेलने बाहेर पाठवलं तरी ती निर्यातच. मशीनही सुटत नाही: जानेवारी 2024 मध्ये न्हावा शेवाला चीनहून कराचीला निघालेल्या जहाजावरून जो माल उतरवून घेतला, त्यात सीएनसी मशीन होतं.

परवाना देणाराच चुकला तर? इथे ब्रिटनचं उदाहरण बघण्यासारखं आहे. येमेन युद्धात सौदी अरेबियाला शस्त्रं विकण्याबाबत 20 जून 2019 रोजी तिथल्या अपील न्यायालयाने सरकारची निर्णयपद्धत बेकायदा ठरवली. येमेनमध्ये वापरला जाऊ शकेल अशा मालाचे नवे परवाने देणार नाही, अशी हमी सरकारने दिली. सप्टेंबरमध्ये व्यापारमंत्री लिझ ट्रस यांना माफी मागावी लागली, कारण हमीनंतरही परवाने निघाले होते. त्यांतला एक लष्करी गाडीच्या एअर कूलरचा, किंमत 200 पौंड. दुसरा रेडिओच्या सुट्या भागांचा, चार लाखांहून अधिक पौंडांचा. मग शोधाशोधीत आणखी सापडले. दोनशे पौंडांसाठी मंत्र्याने संसदीय समितीला पत्र लिहायचं, हे आपल्याकडे हास्यास्पद वाटेल. मला ते हेवा वाटण्याजोगं वाटतं. अर्थात वर्षभरात, जुलै 2020 मध्ये, ब्रिटनने सौदीचे परवाने पुन्हा सुरू केले. कबुली दिली म्हणून विक्री थांबली असं नाही.

आपल्याकडे परवान्याआधी छाननी होते. एंड-यूजर सर्टिफिकेट लागतं, गरजेनुसार इतर मंत्रालयांचं मत घेतलं जातं. नंतरचं मात्र बाहेर कुणाला दिसत नाही. संरक्षण निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी रुपये होती, 2024-25 मध्ये 23,622 कोटी झाली. त्या वर्षी 1,762 परवाने दिले, आदल्या वर्षी 1,507. आकडे अभिमानाने जाहीर होतात. कोणत्या परवान्यावर काय, कुणाला गेलं, ते तसं जाहीर होत नाही.

इस्रायलला जाणाऱ्या शस्त्रांचे परवाने थांबवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली; त्यात पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाचंही नाव होतं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने 9 सप्टेंबर 2024 रोजी ती फेटाळली: परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत. निर्यात रोखण्याचे अधिकार कायद्याने सरकारकडे आहेतच, असंही पीठाने म्हटलं. म्हणजे चेंडू पुन्हा परवाना देणाऱ्याकडेच.

उरते संसद. संरक्षणविषयक स्थायी समितीने दरवर्षी पाच-दहा परवान्यांच्या फायली मागवून, हवं तर बंद दाराआड, अर्जापासून शिपिंग बिलापर्यंत तपासाव्यात. त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही.