‘नाही’ या शब्दाचा आवाका : अमेरिकेतील वैमानिकांच्या वेतनकरारावरील मतदानाचा एक विचार

१

अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्स या कंपनीच्या वैमानिकांपुढे त्यांच्या संघटनेने २०२२ साली एक प्रस्तावित करार मतदानासाठी ठेवला. १ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल जाहीर झाला, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी ९४ टक्क्यांनी तो करार फेटाळला असल्याचे दिसून आले. त्यानंतर अकरा महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२३ रोजी, दुसऱ्या प्रस्तावावरील मतदानाचा निकाल लागला. या वेळी ९७ टक्के मते कराराच्या बाजूने पडली. मतदार बहुतांशी तेच, संघटना तीच, आणि मतदाराला उपलब्ध असलेले शब्दही तेच दोन : ‘होय’ आणि ‘नाही’.

या पालटाचे सोपे उत्तर असे दिले जाते की, दुसऱ्या प्रस्तावात पैसे अधिक होते. ते खोटे नाही. पहिल्या प्रस्तावात दीड वर्षात सुमारे १४.५ टक्के वाढ होती. दुसऱ्यात चार वर्षांत, विमानाच्या प्रकारानुसार, ३४.५ ते ४०.२ टक्के. परंतु एवढ्यावर थांबल्यास एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. करार स्वीकारावा की नाकारावा, याविषयी वैमानिकांत जो वाद होतो, तो रकमेइतकाच शब्दांच्या अर्थाविषयीचाही वाद असतो. किंबहुना, ‘होय’ या उत्तराचा अर्थ जितका निश्चित असतो, तितका ‘नाही’ या उत्तराचा कधीच नसतो. आणि या विषमतेचे परिणाम शेवटी मतदारालाच भोगावे लागतात. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही विषमता होय.

२

प्रथम कायद्याची चौकट पाहणे अवश्य आहे. अमेरिकेत विमान-कंपन्या आणि त्यांचे नोकर यांचे संबंध ‘रेल्वे लेबर ॲक्ट’ या कायद्याने नियंत्रित होतात. हा कायदा १९२६ साली रेल्वेसाठी झाला आणि १९३६ साली विमान-कंपन्यांना लागू करण्यात आला. त्यापूर्वीच, १९३१ साली, डेव्हिड बेंके या वैमानिकाच्या पुढाकाराने ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली होती. तिने वैमानिकांसाठी केलेला पहिला करार १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सशी झाला.

या कायद्याची परिभाषा भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. सामान्य व्यवहारात कराराची मुदत ‘संपते’. या कायद्याखालील करार मात्र संपत नाही. ठरावीक दिवशी तो ‘अमेंडेबल’, म्हणजे दुरुस्तीस पात्र, होतो. नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. जुने वेतनही चालू राहते, आणि संप करण्याची मनाई कायम असते. युनायटेडच्या वैमानिकांचा पूर्वीचा करार जानेवारी २०१९ मध्ये दुरुस्तीस पात्र झाला होता. म्हणजे पहिले मतदान झाले त्या वेळी जवळजवळ चार वर्षे वैमानिक जुन्या कराराखालीच काम करीत होते. ‘मुदत संपली’ असे म्हटले असते, तर कोणाचे तरी काहीतरी थकले आहे असा बोध झाला असता. ‘दुरुस्तीस पात्र झाला’ या शब्दांतून असा कोणताही बोध होत नाही. अर्थात, ही केवळ शब्दांची निवड नव्हे, विमान-वाहतूक खंडित होऊ नये हा कायद्याचा हेतूच या शब्दात साठवलेला आहे.

वाटाघाटी अडल्या, तर १९३४ साली स्थापन झालेले ‘नॅशनल मीडिएशन बोर्ड’ हे मंडळ मध्यस्थी करते. मध्यस्थी किती काळ चालावी याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. आता समेट शक्य नाही अशी मंडळाची खात्री झाली, म्हणजे ते लवादाचा प्रस्ताव मांडते. तो कोणा एका पक्षाने नाकारला, की उभय पक्षांना मोकळे करण्यात येते आणि तीस दिवसांची शांतता-मुदत सुरू होते. त्यानंतर जो मार्ग खुला होतो, त्याला या क्षेत्रात ‘सेल्फ-हेल्प’ म्हणतात. मराठीत त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःची मदत स्वतः करणे’ असा होईल. व्यवहारात तो संप वा टाळेबंदी असा होतो. नोकरांचे शस्त्र आणि मालकाचे शस्त्र या दोहोंना एकच सौम्य नाव देऊन कायद्याच्या परिभाषेने उभय पक्ष समान पातळीवर आणले आहेत. एवढे झाल्यावरही राष्ट्राध्यक्षाला आणीबाणी-मंडळ नेमून संप रोखता येतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू होताच काही मिनिटांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी असा हस्तक्षेप केला होता. तो संपही, आधीच्या महिन्यात वैमानिकांनी एक प्रस्तावित करार फेटाळल्यामुळेच उद्भवला होता.

एवंच, करार नाकारणारा वैमानिक दुसऱ्या दिवशी संपावर जाऊ शकत नाही. तो पुन्हा प्रतीक्षेत जातो.

३

मतदानासाठी येणाऱ्या मसुद्याला ‘टेंटेटिव्ह ॲग्रीमेंट’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिला ‘तात्पुरता करार’ म्हणण्याचा मोह होतो. पण तो टाळला पाहिजे. ‘तात्पुरता’ या शब्दाने काळाची मर्यादा सूचित होते : तात्पुरती सोय आज अमलात असते, उद्या नसते. येथे स्थिती उलट आहे. हा करार आज मुळीच अमलात नसतो. मंजूर झाला, तर मात्र तो पुढे वर्षानुवर्षे चालतो. काळापेक्षा संमतीची अट येथे महत्त्वाची असल्यामुळे ‘मंजुरीसापेक्ष करार’ हा शब्द अधिक यथार्थ ठरेल.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही उच्चार वर्णन करीत नाहीत तर कृती घडवून आणतात, हे दाखवून दिले. मतदानपत्रिकेवरील ‘होय’ हा असाच कृतिरूप उच्चार आहे. पुरेशा संख्येने तो उच्चारला गेला की शेकडो पानांचा मजकूर बंधनकारक होतो. वेतन, विश्रांतीचे तास, राखीव पाळीचे नियम, निवृत्तिवेतन, प्रादेशिक कंपन्यांकडे किती आसनांची विमाने सोपवावीत याची मर्यादा, असे सर्व काही एका शब्दाने अमलात येते. ‘होय’चा आशय म्हणजे तो संपूर्ण मजकूर, त्याहून अधिक नाही, उणाही नाही.

‘नाही’चा आशय कोणता? मराठीतील एक साधे वाक्य घेऊ : ‘रमेश काल गाडीने पुण्याला गेला नाही.’ या वाक्यात नेमके काय नाकारले आहे, हे शब्दांवरून कळत नाही. ‘रमेश’वर आघात दिल्यास दुसरा कोणी गेला असेल, ‘काल’वर दिल्यास परवा गेला असेल, ‘गाडीने’वर दिल्यास मोटारीने गेला असेल, ‘पुण्याला’वर दिल्यास नाशिकला गेला असेल. नकाराचा आवाका बोलताना आघाताने निश्चित होतो. मतदानपत्रिकेत आघात नसतो. एकाला वेतन अपुरे वाटते, दुसऱ्याला राखीव पाळीचे नियम जाचक वाटतात, तिसऱ्याला वाटाघाटी करणाऱ्या पुढाऱ्यांवरच विश्वास नसतो. तिघांचेही मत एकाच रकान्यात मोजले जाते.

४

या वादाला एवढी तीव्रता का येते, हे समजण्यासाठी वैमानिकांच्या व्यवसायातील सेवाज्येष्ठतेचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. कोणते विमान, कोणते ठाणे, कोणत्या फेऱ्या, कोणत्या महिन्यात रजा, हे सर्व ज्येष्ठतायादीतील क्रमांकावर ठरते. आणि तो क्रमांक एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन नोकरी बदलील, तर नव्या कंपनीत तो यादीच्या तळाशी सुरुवात करील. इतर व्यवसायांत असमाधानी माणूस बाहेर पडतो. येथे बाहेर पडण्याचा मार्ग फार महाग आहे, म्हणून आत राहून बोलणे हाच मार्ग उरतो. करारावरील मत हे त्या बोलण्याचे सर्वांत परिणामकारक रूप होय.

पण हे मत सर्वांना सारख्या किमतीत पडत नाही. २००७ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानुसार अमेरिकेत प्रवासी विमान-कंपन्यांच्या वैमानिकांना ६५ व्या वर्षी वैमानिकपदावरून निवृत्त व्हावे लागते. एक कल्पित हिशेब पाहावा. चालू वेतन १०० धरले. प्रस्ताव स्वीकारल्यास ते लगेच ११५ होते. नाकारल्यास एक वर्ष १०० च राहून पुढे १३० होते, असे मानू. दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही मार्गांनी बेरीज २३० च येते. ज्याची सेवा एकच वर्ष उरली आहे, त्याचे नाकारण्याने १५ चे नुकसान होते. ज्याची वीस वर्षे उरली आहेत, त्याला तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी १५ चा लाभ होतो. आता नवा करार एकाऐवजी दोन वर्षांनी झाला असे समजू. मग बरोबरी चार वर्षांनी होते : दोन्हीकडे ४६०. म्हणजे विलंब दुप्पट झाला, की नकार परवडण्यासाठी लागणारी उर्वरित सेवाही दुप्पट होते. मागील काळाची फरकाची रक्कम मिळाल्यास हा हिशेब सौम्य होतो. परंतु तीही वाटाघाटीचाच विषय असते, आणि ती पूर्ण मिळेल अशी खात्री नसते.

यास्तव त्रेसष्ट वर्षांचा कॅप्टन ‘हातात आहे ते घ्या’ म्हणतो आणि तीस वर्षांचा सहवैमानिक ‘थांबा’ म्हणतो, तेव्हा एकाला भित्रा व दुसऱ्याला उतावळा ठरवणे योग्य नव्हे. दोघांचेही गणित बरोबर असते. गणितातील वर्षे वेगळी असतात.

५

दुसरा प्रश्न तुलनेचा. प्रस्तावाच्या बाजूने बोलणारे ‘उद्योगात अग्रगण्य’ हे विशेषण वारंवार वापरतात. हा शब्द सापेक्ष आहे. त्याचा अर्थ करारात नसून इतरांच्या करारांत असतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेत वार्षिक महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, आणि महासाथीच्या काळात अनेक वैमानिकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतल्यामुळे वैमानिकांची वाण पडली होती. अशा वेळी १४.५ टक्क्यांची वाढ मोठी की छोटी, हे त्या आकड्याकडे पाहून ठरण्यासारखे नव्हते. युनायटेडच्या निकालानंतर थोड्याच आठवड्यांत डेल्टा कंपनीने ३४ टक्के वाढीची तयारी दाखवली. १ मार्च २०२३ रोजी तेथील वैमानिकांनी तो करार ७८ टक्के मतांनी स्वीकारला. आपले वेतनदर युनायटेड व अमेरिकन यांच्यापेक्षा किमान एक टक्का वर राहतील, असे कलमही त्या करारात होते. ‘अग्रगण्य’ हे विशेषण येथे एका बंधनकारक आकड्यात उतरले, असे म्हणता येईल.

अमेरिकन एअरलाइन्सचा अनुभव या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथील कराराचे मुख्य तत्त्व मे २०२३ मध्ये ठरले होते. १५ जुलै २०२३ रोजी युनायटेडचा दुसरा प्रस्ताव जाहीर झाला. अमेरिकनच्या मसुद्यातील एकही अक्षर बदलले नव्हते. तरीही त्या दिवशी त्याचा अर्थ बदलला. कालचा ‘उत्तम’ करार आज ‘मागे पडलेला’ झाला. कंपनीला देऊ केलेली रक्कम वाढवावी लागली, आणि मग ऑगस्टमध्ये सुमारे ७३ टक्के मतांनी तो मंजूर झाला.

६

एवढ्यावरून ‘नाही’ म्हणणे नेहमीच फलदायी ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे याच लाटेच्या माथ्यावर, मालवाहू विमाने चालवणाऱ्या फेडएक्स कंपनीच्या वैमानिकांनी आपला मंजुरीसापेक्ष करार ५७ विरुद्ध ४३ टक्के मतांनी फेटाळला. त्या प्रस्तावात ३० टक्के वेतनवाढ होती. परंतु प्रवासी-वाहतूक वाढत असताना महासाथीच्या काळात फुगलेली मालवाहतूक ओसरत होती, आणि अमेरिकेच्या टपाल खात्याशी असलेले कंपनीचे मोठे कंत्राटही सप्टेंबर २०२४ मध्ये संपुष्टात आले. प्रकरण मध्यस्थी-मंडळापुढेच राहिले, आणि २०२४ साल संपले तरी नवा करार झालेला नव्हता.

युनायटेड आणि फेडएक्स यांच्या नकारांतील भेद केवळ बाजाराचा नाही, अर्थाचाही आहे. ९४ टक्के नकारात मतदारांची कारणे भिन्न असली, तरी ‘हा प्रस्ताव दुरुस्त होण्यासारखा नाही, तो नव्याने मांडा’ असा संदेश स्पष्ट असतो. ५७ टक्के नकारात तसे नसते. बहुमत मिळवण्यास सातआठ टक्के मते फिरली तरी पुरे. परंतु ती कोणत्या कलमाने फिरतील हे मतपत्रिका सांगत नाही. वेतन वाढवावे तर निवृत्तिवेतनासाठी नाकारणारे तसेच राहतात. निवृत्तिवेतन वाढवावे तर तरुणांना त्याचे मोल कमी वाटते. नकार जितका निसटता, तितका त्याचा अर्थ लावणे कठीण. म्हणूनच असा निकाल लागला, की संघटनेला सभासदांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन, सभा भरवून, मतपत्रिकेत नसलेला आघात शोधून काढावा लागतो. आणि तो शोध चालू असेपर्यंत जुने वेतन चालू राहते.

वादात भाग घेणाऱ्या वैमानिकांना यातून एक व्यावहारिक तत्त्व हाती लागते. करार नाकारावा असे म्हणणाऱ्याने ‘हे पुरेसे नाही’ एवढेच सांगून भागत नाही. कोणते कलम, किती, आणि त्यासाठी किती काळ थांबण्याची तयारी, हे मतदानापूर्वीच बोलून दाखवले पाहिजे. स्वीकारावा असे म्हणणाऱ्यानेही ‘अग्रगण्य’ या विशेषणामागे न दडता, कोणाच्या तुलनेत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट केले पाहिजे. मतपत्रिकेवर शब्द एकच उमटणार असल्यामुळे त्याचा आवाका ठरवण्याचे काम आधीच्या चर्चेलाच करावे लागते. ती चर्चा नीट झाली असेल, तर वाटाघाटी करणाऱ्यांच्या हाती नकाराबरोबर मागणीही येते. झाली नसेल, तर केवळ एक टक्केवारी येते.