पाण्यात उभे रोप सुकते का?

पावसाळ्यात लावलेल्या रोपाने माना टाकल्या की आपला हात आधी बादलीकडे जातो. अकोल्याजवळच्या एका शाळेत आम्हीही मुलांना 'पाणी घाला' असेच सांगितले होते. आठवड्याने कडुनिंबाचे ते रोप उपटले, तेव्हा खड्ड्यात पाणी साचलेले होते आणि मुळे काळी पडून कुजली होती. रोप पाण्यावाचून नव्हे, पाण्यामुळे गेले होते. तरी पाने मात्र उन्हाळ्यात सुकतात तशीच दिसत होती!

उन्हाळ्यातले सुकणे समजायला सोपे आहे. माती कोरडी पडू लागली की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते व त्यामुळे पानांवरील पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणून वाढ थांबते. वऱ्हाडातली काळी माती पाणी पुष्कळ धरते, मात्र ते घट्ट धरून ठेवते. हाताला ओलसर लागणाऱ्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येईलच असे नाही. शिवाय भेगा पडल्या की कोवळी मुळे तुटतात.

आता झडीचे दिवस घ्या. हीच माती भिजून फुगते आणि तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. आपण खणलेला खड्डा म्हणजे मग एक हौदच होतो. मुळे जिवंत असतात, त्यांनाही श्वसनाला ऑक्सिजन लागतो. हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. मातीत असलेला साठा मुळे व सूक्ष्मजीव थोड्याच काळात संपवतात. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे 30 रेणू मिळतात, नसताना फक्त 2. ऊर्जा अशी आटली की मुळांच्या पेशींतील आम्लता वाढते, आणि पेशीपटलातील पाण्याच्या वाटा, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिने, बंद होतात. आम्लतेमुळे या वाटा कशा मिटतात हे फ्रान्समधील संशोधकांनी 2003 साली दाखवले. भोवती पाणी असून ते वर चढत नाही ते यामुळे.

आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. ते 'वाफसा' येण्याची वाट पाहतात. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती. वरुड-मोर्शीकडे मृग बहारासाठी संत्र्याला मुद्दाम पाण्याचा ताण देतात (अर्थात मोठ्या झाडांना, रोपांना नव्हे). पण बागेत पाणी साचू देणे कोणालाच परवडत नाही, कारण मूळकुज व डिंक्या आणणाऱ्या फायटोफ्थोराचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोचतात.

सगळी झाडे सारखी नाजूक नसतात. बाभूळ, अर्जुन, करंज साचलेले पाणी बरेच सोसतात. साग व कडुनिंब सोसत नाहीत. हे वर्गात पाहता येईल. कडुनिंबाची सारख्या वयाची तीन रोपे डब्यांत लावा. पहिल्याला बेताचे पाणी द्या, दुसऱ्याचे तोडा, आणि तिसऱ्याच्या डब्याला भोके न पाडता मातीवर दोन बोटे पाणी ठेवा. चौथ्या बिनभोकाच्या डब्यात बाभूळ असू द्या. रोज पाने पाहून नोंद करा व शेवटी मुळे धुऊन त्यांचा रंग आणि वास तपासा.

आवारातल्या रोपाला पाणी घालण्याआधी शेजारी वीतभर खोल भोक पाडून पाहा. त्यात पाणी उतरले तर बादली ठेवून कुदळ घ्या, आणि उताराच्या बाजूने चर काढा.