उजेड किती विसरायचा?

कॉरड्रॉयच्या एकाच तुकड्यावर उजेड रेघांना आडवा पाडला, तर प्रत्येक रेघेच्या कडेला काळी सावली उमटते. रेघांच्या दिशेने पाडला, तर तेच कापड जवळपास सपाट दिसते. डोळा फसत नाही, संगणक फसतो. १९६६च्या ब्रोडाट्झ अल्बममधल्या फोटोंवर पोसलेल्या, पोत ओळखणाऱ्या संगणकी पद्धतींना या फसगतीची झळ फारशी बसली नव्हती. १९९९मध्ये कोलंबिया आणि उट्रेख्त या विद्यापीठांचा ‘क्युरेट’ संग्रह आला. त्यात ६१ पदार्थांची प्रत्येकी २०५ चित्रे होती, कॅमेऱ्याचे आणि उजेडाचे कोन बदलत काढलेली. खरी परीक्षा तिथून सुरू झाली. पण त्या काळात उजेडाकडे बहुतेकांनी निव्वळ अडथळा म्हणून पाहिले. ही समजूत अर्धीच होती, आणि तिची दुसरी बाजू नेमकी मांडणारा एक निबंध बेंगळुरूशी जोडलेला आहे.

लिउंग आणि मलिक यांच्या २००१च्या पद्धतीत पोताचा शब्दसंग्रह तयार करायलाच एका पदार्थाची तंतोतंत जुळवलेली २० चित्रे लागत. ऑक्सफर्डमध्ये मनीक वर्मा आणि अँड्र्यू झिसरमन यांनी अशी जुळवाजुळव टाळली आणि पदार्थ ओळखताना एकाच चित्रावर काम भागवले. त्यांनी ३८ गाळण्या (फिल्टर) लावल्या, प्रत्येक दिशासंचातला सर्वांत तीव्र प्रतिसाद तेवढा ठेवला आणि ८ आकडे उरवले. पुढे तर, गाळण्या हव्यातच कशाला, असे विचारून त्यांनी ३ बाय ३ पिक्सेलच्या ठिपक्यांवरही तितकेच चांगले निकाल दाखवले. (फिल्टरवाल्यांना ते पचायला जड गेले असणार.) वर्मा नंतर बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात आले. २००७मध्ये देबज्योती रे यांच्यासह त्यांनी मांडले की, बदलांकडे दुर्लक्ष करण्याची क्षमता फुकट मिळत नाही. तिच्या बदल्यात फरक ओळखण्याची ताकद घटते. इंग्रजी सहा आणि नऊ वेगळे करायचे असतील, तर फिरवण्याकडे काणाडोळा करून कसे चालेल? म्हणून हा सौदा किती करायचा, ते प्रत्येक कामाच्या नमुन्यांवरूनच शिकावे.

यावर कोणी म्हणेल, आता खोल न्यूरल जाळी हे सगळे आपोआप शिकतात, मग जुना हिशेब कशाला? पण त्या जाळ्यांना शिकवतानाही चित्रे मुद्दाम उजळ-काळोखी करून दिली जातात, आणि किती करायची ते माणूसच ठरवतो. सौदा तोच, फक्त जागा बदलली. शिवाय पोत कित्येकदा उजेडातच असतो. चंद्रावरचे उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर २०१९ला बेंगळुरूतल्या इस्रोच्या केंद्राचा तिथे उतरणाऱ्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला. १७ सप्टेंबरला नासाच्या यानाने लँडर उतरायचा होता त्या भागाची चित्रे घेतली, तेव्हा तिथे संध्याकाळ होती आणि बरीचशी जमीन सावल्यांखाली गेली होती. तरीही चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी जुन्या चित्रांशी ताडून एक ठिपका हेरला. लँडर आदळला ती जागा मात्र नोव्हेंबरच्या चित्रांत, प्रकाशाचा कोन अनुकूल झाल्यावर, नीट दिसली.