दोन अशोक : अंगणात कोणता लावावा ?

फाल्गुन सरता सरता चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगल विरळ दिसू लागते. साग, मोह, पळस ही झाडे आपली पाने गाळतात. पानांवाटे होणारी पाण्याची वाफ थांबविल्याशिवाय त्यांस उन्हाळा काढणे कठीण जाते. पुढे वैशाखात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. नेमक्या ह्याच दिवसांत घरापुढील अंगणात, शाळेच्या पटांगणात व ग्रामपंचायतीच्या आवारात हिरव्या झाडाची उणीव अधिक जाणवते. बारमाही हिरवे राहणारे झाड कोणते, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा एकच नाव पुढे येते, आणि ते म्हणजे अशोक.

परंतु अशोक ह्या एका नावाखाली दोन अगदी वेगळी झाडे वावरत आहेत. एक सीताअशोक व दुसरा उंच, सरळ वाढणारा हिरवा अशोक. ह्या दुसऱ्यास आसुपालव असेही म्हणतात. दोन्ही सदाहरित आहेत आणि दोन्ही शोभिवंत आहेत. मात्र त्यांचे कूळ, वाढण्याची रीत आणि पाण्याची गरज ही सर्व भिन्न आहेत. नावाच्या भरवशावर रोप आणल्यास सावलीसाठी लावलेले झाड सावली देत नाही, आणि फुलांसाठी लावलेल्या झाडास मनाजोगी फुले येत नाहीत.

ओळख कशी पटवावी

सीताअशोकाचे शास्त्रीय नाव सराका असोका. तो शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातील आहे. त्याचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या साधारणतः चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस रंगाची असून मरगळल्यासारखी खाली लोंबते. ती पाहून झाडास पाणी कमी पडले असा समज करून घेऊ नये; तो त्याचा स्वभावच होय. वसंतात फांद्यांवर, जुन्या झाडाच्या खोडावरदेखील, फुलांचे दाट गुच्छ येतात. फूल प्रथम नारिंगी-पिवळे असते व मागाहून लाल होते. रामायणातील अशोकवन ज्याच्या नावाचे, आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात मालविकेच्या पदस्पर्शाने जो फुलतो, तो अशोक हाच.

हिरव्या अशोकाचे शास्त्रीय नाव पूर्वी पॉलिअल्थिया लाँगिफोलिया असे होते. २०१२ पासून शास्त्रज्ञ त्यास मोनून लाँगिफोलियम म्हणू लागले आहेत. तो सीताफळ व रामफळ ह्यांच्या कुळातील आहे. त्याचे पान साधे, लांबट, चकचकीत व कडेने लहरदार असते. फुले फिकट हिरवी, चांदणीच्या आकाराची असतात व पानांत सहसा नजरेत भरत नाहीत. फळे लहान व अंडाकृती असून झुबक्यांनी येतात. पिकल्यावर ती काळपट होतात आणि वटवाघळे व कोकिळा ती आवडीने खातात. ह्या झाडाचा मूळ प्रकार फांद्या पसरून वाढतो. रोपवाटिकांत ज्यास अधिक मागणी असते तो खाली झुकलेल्या फांद्यांचा, खांबासारखा अरुंद प्रकार होय.

थोडक्यात खूण सांगावयाची तर एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतील तर तो सीताअशोक, आणि सुटे, लहरदार कडेचे पान असेल तर तो हिरवा अशोक.

जागा पाहून निवड

अरुंद हिरवा अशोक आडवी जागा फारशी अडवीत नाही. कुंपणाच्या कडेस, आवाराच्या वाटेच्या दुतर्फा किंवा रस्त्याकडील धूळ अडविण्यासाठी त्याची रांग चांगली दिसते. दोन झाडांत ६ ते ८ फूट अंतर पुरे. त्याचा शेंडा छाटू नये, कारण सरळ बांधा हीच त्याची शोभा आहे. मात्र पुढे त्याची उंची ३० फुटांच्या वर जाते, म्हणून विजेच्या तारांखाली तो लावू नये. मुलांना बसावयास सावली हवी असेल तर हे झाड उपयोगाचे नाही. त्याची सावली दोरीसारखी अरुंद पडते.

सीताअशोक मध्यम उंचीचा असून त्याचा पर्णसंभार दाट व पसरट असतो. त्यास १५ ते २० फूट अंतर द्यावे. त्याच्याखाली खरी गार सावली मिळते. परंतु सह्याद्रीतील ओलसर, सावलीच्या ओढ्याकाठी वाढणारे हे झाड आहे. उघड्या बरड जमिनीवर, पश्चिमेच्या उन्हात ते लहानपणी होरपळते. विहिरीजवळ, नळाच्या किंवा न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर, बोडीच्या काठाशेजारी, अथवा घराच्या पूर्वेस जेथे दुपारी सावली येते तेथे ते जोमाने वाढते. भाताच्या बांधीलगत भारी जमिनीत लावावयाचे असल्यास उंचवट्यावर लावावे. मुळाशी पाणी तुंबणे दोन्ही अशोकांस मानवत नाही.

पाण्याचा हिशेब आधी

ह्या जिल्ह्यांत पाऊस भरपूर पडतो. अडचण येते ती पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांची. सीताअशोकाच्या रोपास पहिली तीन वर्षे फाल्गुनापासून मृगापर्यंत नियमित ओल लागते. शाळा मे महिन्यात बंद असते, आणि पावसाळ्यात हौसेने लावलेली रोपे त्याच महिन्यात मरतात. म्हणून सुट्टीत पाणी कोण घालणार, हे ठरल्यावाचून शाळेच्या पटांगणात सीताअशोक लावू नये. तशी सोय नसल्यास हिरवा अशोक बरा. मुळे धरल्यानंतर तो कोरडेपणा अधिक सोसतो. पहिले दोन उन्हाळे मात्र त्यासही पाणी द्यावेच लागते.

पाणी थोडे असेल तेथे रोपाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्याच्या बुडास बारीक छिद्र पाडून कापडाची वात बसवावी व तोंड झाकून ठेवावे. आळ्यात भाताचे तणस पसरावे, परंतु ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे वाळवीचा उपद्रव कमी होतो.

रोपे व लागवड

दोन्ही झाडांचे बी ताजे असतानाच पेरावे. साठविलेल्या बियांची उगवण लवकर घटते. सीताअशोकाच्या शेंगा पिकून उकलू लागताच बी काढावे, रात्रभर पाण्यात भिजवावे व सावलीतील वाफ्यात पेरावे. सुमारे तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. हिरव्या अशोकाची पिकलेली फळे वेचून, गर धुऊन बी लगेच पेरावे. लागवडीसाठी २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, आणि पाऊस स्थिरावल्यावर कुजलेले शेणखत व माती भरून रोप लावावे. १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होणारा वनमहोत्सव ह्यासाठी योग्य वेळ आहे. जमिनीविषयी शंका असल्यास सिंदेवाही किंवा गडचिरोली येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

सालीचा प्रश्न

सीताअशोकाची साल आयुर्वेदात, विशेषतः अशोकारिष्टात वापरतात. मागणी मोठी व झाडे थोडी, म्हणून बाजारात तिच्यात हिरव्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. वाळलेले तुकडे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड असते. औषध म्हणून घेणाऱ्याची त्यात फसवणूक होते. दुसरीकडे, साल खोडाभोवती पूर्ण काढल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. अशा तोडीमुळे व वने घटल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये सीताअशोकाची नोंद ‘असुरक्षित’ वर्गात केली. तेव्हा अंगणातील झाडाची साल कोणासही काढू देऊ नये, आणि हिरव्या अशोकाची साल अशोक म्हणून विकू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी रोपांची मागणी नोंदविताना केवळ ‘अशोक’ असे न लिहिता ‘सीताअशोक’ किंवा ‘हिरवा अशोक’ असे स्पष्ट लिहावे, व रोपे ताब्यात घेताना पान पाहून खात्री करावी. कुंपणाला हिरव्या अशोकाची रांग आणि पाण्याची खात्री असेल तेथे निदान एक सीताअशोक, अशी योजना बहुतेक आवारांस साधण्याजोगी आहे. त्या एका झाडास शेंगा धरू लागल्या म्हणजे गावास स्वतःचे बी मिळेल, आणि पुढील रोपांसाठी दूरच्या रोपवाटिकेकडे पाहावे लागणार नाही.