बॉनेटखालचा साज

जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनास मंगळवारी वा शनिवारी गेले, की देवळाबाहेर एखादी तरी कोरी गाडी हारतुऱ्यांनी मढवून उभी असलेली दृष्टीस पडते. नवी गाडी घेतली म्हणजे ती आधी पिंपळाखाली पहुडलेल्या या हनुमंताच्या दारी आणावी, चाकांखाली लिंबे ठेवावीत, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखावे आणि मगच ती घरच्या वाटेला लावावी, हा आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातील कित्येक घरांचा परिपाठ आहे. पूजेसाठी बॉनेट उघडले जाते तेव्हा मात्र हल्ली कधीकधी एक नवल पाहावयास मिळते. इंजिनाभोवतीच्या नेहमीच्या काळ्या रबरी नळ्यांच्या जागी लालभडक, निळ्या, प्रसंगी जांभळ्याही नळ्या झळकत असतात. भोवती चकचकीत क्लिपा, वर फुलांची माळ आणि शेजारी अभिमानाने उभा असलेला गाडीचा तरुण मालक! त्याचे वडील थोडे बाजूला उभे असतात, आणि या नळ्यांवर पोराने काही हजार रुपये का घातले असावेत, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो.

या प्रश्नाला नाक मुरडून उत्तर देणे सोपे आहे. आम्ही ते देणार नाही. कारण ज्या मुलखात ही हौस आली आहे तो साजशृंगाराला परका मुलूख नव्हे. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आमचा हा मराठी पट्टा मध्यप्रदेशात राहिला. तरी येथला पोळा मराठीच राहिला. शिंगांना रंग आणि बेगड, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आरशांची झूल, असा नटलेला बैल ज्याने लहानपणी डोळे भरून पाहिला, त्याच्या नातवाने बैलाच्या जागी आलेल्या यंत्राला नटवावे यात अस्वाभाविक ते काय? पण याच पोळ्यातील एका गोष्टीकडे आम्ही नातवाचे लक्ष वेधू इच्छितो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळून शेकले जातात. आधी खांदा, मग झूल, हा तो क्रम. शिवाय पोळ्याचा साज रात्री उतरवून ठेवला, तरी खालचा बैल होता तोच असतो. बॉनेटखालच्या या रंगीत नळ्यांचे तसे नाही. त्या अंगावर घातलेला दागिना नसून अंगातली रक्तवाहिनीच बदललेली असते, आणि ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही.

या नळ्या करतात काय, ते थोडे पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जी शक्ती, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. तितकाच धुराड्यातून निघून जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला, म्हणजे कूलंटला, वाहून न्यावी लागते. हे तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. (वायुपुत्राच्या दारी गाडी उभी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे; रेडिएटरलाही अखेर वाराच लागतो, आणि पूजेचा जाड हार समोरच्या जाळीवर तसाच ठेवून लांबचा प्रवास केला, तर तो वारा अडतो.) पाणी शंभर अंशांना उकळू नये म्हणून सारी व्यवस्था झाकणबंद ठेवून तिच्यात दाब राखलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा एक बार अधिक दाब असला, तर साधे पाणीदेखील सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे या नळीत नव्वद-शंभर अंशांचे, दाबाखालचे पाणी अखंड धावत असते. त्यात मे महिन्यातली आमच्याकडची हवा, जिथे पारा 45 अंशांच्या घरात असतो, आणि पुढे सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारा सिल्लेवानीचा घाट. गाडीत चार माणसे, टपावर सामान, एअर कंडिशनर चालू, पुढे संथ चढणारी मालमोटार: नळीची खरी परीक्षा ती इथे.

मुळात रबरी नळी काळी का असते, हेही अनेकांना ठाऊक नसते. काळा हा रबराचा स्वतःचा रंग नव्हे. आरंभीचे मोटारीचे टायर पांढुरके असत. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने 1898 साली आपल्या जाहिरातीसाठी टायरांचा जो लठ्ठ पुतळा निर्माण केला, तो म्हणूनच आजही पांढरा आहे. रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी पटींनी चिवट होते, आणि उन्हालाही अधिक टिकते, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ध्यानात आले, तेव्हापासून रबर काळे झाले. तेव्हा काळा रंग हा कारखानदाराच्या अरसिकतेचा पुरावा नसून बळाची खूण आहे. काजळी काढून नुसता रंग घातलेली रबरी नळी दिसेल सुरेख. टिकेल किती, हा निराळा प्रश्न.

चांगल्या रंगीत नळ्या म्हणून रबराच्या नसतातच. त्या सिलिकोनच्या असतात. वाळूत जे सिलिकॉन असते, त्याच्यापासून सिद्ध होणारे हे द्रव्य. इंग्लंडातील नॉटिंगहॅमचे प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. पण व्यवहारात याचा मोठासा उपयोग होईल असे खुद्द त्यांनाच वाटत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाने ते मत खोटे ठरवले. 1943 साली अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी केवळ सिलिकोनसाठी स्थापन झाली आणि विमानांच्या इंजिनांतील विजेची जोडणी दमटपणापासून राखण्याच्या कामी ते प्रथम आले. पुढे त्याच्या नळ्या झाल्या. आत पॉलिएस्टरच्या विणीचे तीन-चार थर आणि त्यांना सांधणारे सिलिकोन, अशी त्यांची घडण असते. शर्यतीच्या गाड्या आणि परदेशी रस्त्यांवरच्या मोठ्या बसगाड्या यांत त्या रूढ झाल्या त्या सौंदर्यासाठी नव्हे, उष्णतेत न कडकता वर्षानुवर्षे टिकतात म्हणून. सिलिकोनला ताकदीसाठी काजळीची गरज नसते. म्हणून त्यावर कोणताही रंग चढतो. रंग हा येथे गुणाच्या मागून आलेला आहे. आमच्या हौशी मित्रांनी नेमका हा क्रम उलटा केला, आणि रंगापाठीमागे गुण आपोआप येईल असे धरून चालले.

तो आपोआप येत नाही. बाजारात सिलिकोन म्हणून विकली जाणारी प्रत्येक लाल नळी सिलिकोनची असतेच असे नाही. याची एक घरगुती परीक्षा आहे. नळी बसवताना टोकाचा तुकडा कापून उरतो. तो उघड्या अंगणात, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सिलिकोन जळते तेव्हा मागे पांढरी राख राहते, कारण ती वाळूचीच जात. रबर जळते ते काळा धूर ओकीत आणि काजळी सोडीत. दुसरे, नळी त्या त्या गाडीच्या वळणाची, साच्यातून काढलेली हवी. सरळ नळी विकत घेऊन ती वाकवून बसवली, तर वळणावर ती मुडपते आणि पाण्याची वाट अरुंद होते. विशेषतः रेडिएटरकडून पंपाकडे जाणारी खालची नळी. तिथे पंपाची ओढ असते, आणि नळी पातळ असली तर ती आतल्या आत चिमते. बाहेरून पाहणाराला रंग तेवढा दिसतो.

तिसरी बाब क्लिपांची. ती क्षुल्लक वाटते, पण बहुतेक तक्रारी इथूनच उगवतात. नेहमीच्या स्क्रूच्या क्लिपेला पट्टीवर आरपार खाचा असतात. रबर टणक असल्याने त्याला त्या बोचत नाहीत. सिलिकोन मऊ, क्लिप आवळली की ते त्या खाचांतून वर येते आणि हळूहळू कापले जाते. म्हणून आतून गुळगुळीत पट्टी असलेल्या क्लिपाच घ्याव्या लागतात, आणि पहिल्या शेदोनशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना त्या पुन्हा एकदा तपासाव्या लागतात. सिलिकोनमधून पाण्याची वाफही रबरापेक्षा थोडी अधिक झिरपते. तेव्हा गळती कुठेच नसताना टाकीतील पातळी किंचित उतरली, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र दर महिन्याला तिकडे नजर टाकण्याची सवय हवी. ज्याला ही सवय नाही, त्याने काळी नळीच ठेवलेली बरी.

आणि आता जे सांगायचे ते जरा कठोर शब्दांत. पाण्याच्या नळ्या रंगवा, हवेच्या रंगवा. पेट्रोल-डिझेलच्या नळ्यांना हात लावू नका. साधे सिलिकोन इंधनापुढे आणि इंजिन ऑइलपुढे टिकत नाही. ते फुगते, मऊ पडते, झिरपू लागते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा झिरपा म्हणजे काय, हे शब्दांनी सांगावयास नको. एकरंगी संच पुरा व्हावा एवढ्यासाठी इंधनाची नळीही लाल करून मागणारे ग्राहक असतात आणि त्यांना ‘होऊन जाईल’ म्हणणारे दुकानदारही असतात. डिझेल गाडीच्या टर्बोच्या नळीतूनही ऑइलचा अंश जातो. तिथे आतून फ्लुओरोसिलिकोनचे अस्तर असलेली नळीच चालते. ब्रेकच्या नळ्या, ब्रेकच्या बूस्टरला जाणारी नळी आणि एअर कंडिशनरच्या नळ्या या तर शोभेच्या यादीत येताच कामा नयेत.

घाटात नळी फुटते तेव्हा काय होते, हे ज्याने अनुभवले त्याला ठाऊक आहे. समोरून वाफेचा लोट उठतो, आणि तो दिसतो म्हणून तरी माणूस थांबतो. पण गळती संथ असेल तर फसगत अधिक. पाणी निघून गेले की तापमान सांगणारा काटा कित्येकदा वर जाण्याऐवजी खाली येतो, कारण त्याचा संवेदक आता पाण्यात नसून कोरड्या हवेत असतो. गाडी निवली असे समजून चालक चढ चढत राहतो. अॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, गास्केट जाते, आणि काही हजारांच्या शोभेपायी अनेक पटींचा खर्च ओढवतो. अशा वेळी रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडणे हा तर निव्वळ अविचार. अर्धा तास सावलीत थांबावे, झाकण हाताला कोमट लागू द्यावे. चेहरे भाजले गेले आहेत ते नळी फुटल्याने कमी, आणि झाकण उघडल्याने जास्त.

कमी पैशांत हौस भागवणाऱ्यांचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही आम्हाला नापसंत आहेत. एक म्हणजे मूळ नळीवर विणलेले रंगीत आवरण चढवणे. जुन्या नळीचा आजार भेगांतून दिसतो, फुगीरपणातून कळतो. आवरणाने तो झाकला जातो. गाडी गोठ्याजवळ वा संत्र्याच्या बागेत उभी राहत असेल, तर उंदरांनी नळीला लावलेले दातही आवरणाखाली दडून राहतात. दुसरा मार्ग जुनाच आहे: इंजिन धुताना त्यावर डिझेल फवारून चमक आणणे. नळ्या तेवढ्यापुरत्या नव्यासारख्या काळ्याभोर दिसतात. पण पाण्याच्या नळ्यांसाठी जे रबर वापरतात, त्याचा खनिज तेलांशी उभा दावा आहे. दर धुलाईला ते थोडे फुगते, थोडे कुजते. ओले फडके, साबणाचे सौम्य पाणी आणि विजेच्या जोडण्यांपासून दूर राहणारा हात, एवढ्यावर इंजिन पुरेसे देखणे दिसते.

रंगाची आणखी एक बाजू आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीतही रंग असतात, फक्त ते बोलणारे असतात. ऑइल पाहण्याची काडी पुष्कळ गाड्यांत पिवळ्या मुठीची असते, मालकाने इथे हात लावावा म्हणून. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत जाड केशरी तारा असतात. त्यांतून शेकडो व्होल्टांचा प्रवाह जातो आणि तो रंग म्हणजे जगभर मान्य झालेली धोक्याची खूण. आमच्या संत्र्यांचाच रंग तो. पण बागेत तो खुणावतो आणि बॉनेटखाली दूर सारतो. अशा गाडीत शोभेसाठी केशरी नळी वा आवरण घालणे म्हणजे अपघातात मदतीला धावणाऱ्याला खोटा निरोप देणे होय. कायद्याचे म्हणाल, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आणि 2019 च्या जानेवारीतील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा रोख नोंदणीपत्रकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांवर आहे. नळीच्या रंगाची नोंद त्या पत्रकात होत नाही. हमीचा प्रश्न मात्र उरतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर नळ्या बदलण्यापूर्वी कंपनीच्या केंद्रात विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी मागावे.

आमच्या मते योग्य वेळ एकच: मूळ नळ्या बदलावयास आलेल्या असतात ती. पाच-सहा वर्षे झाली, की थंड इंजिनावर नळी बोटांनी दाबून पाहावी. टोकाशी कडक, मधे मऊ, वा दाबताना करकरणारी नळी आयुष्य संपवून बसलेली असते. तेव्हा तशीही ती काढावीच लागते, आणि त्या जागी चांगल्या प्रतीची लाल आली तर आनंदच आहे. कूलंटही त्याच दिवशी बदलून होते. हौसेने आधीच नळ्या बदलल्या असतील, तर निघालेल्या काळ्या नळ्या धड असतात. त्या मिस्त्रीकडे सोडून येऊ नयेत. पुसून, कोणती वरची आणि कोणती खालची याची चिठ्ठी बांधून, त्या डिकीत ठेवाव्यात. सोबत दोन क्लिपा, एक पेचकस आणि पाच लिटर पाण्याचा कॅन. सिल्लेवानीच्या चढावर दुकान नाही.