साठा थोडा, यादी जड

छापील आरतीसंग्रह चाळणाऱ्यास एक गोष्ट सहज आढळेल. ध्रुपद पहिल्या कडव्यापाशीं पूर्ण छापलेलें असतें; पुढील कडव्यांच्या शेवटीं त्याचा पहिला शब्द आणि एक लहानसें शून्य, एवढ्यावरच भागवितात. गाणाऱ्याचें कांहीं अडत नाहीं आणि छापणाऱ्याचा कागद वांचतो. संगणकांवरील माहितीच्या प्रती सांभाळणारीं कोठारें हीच युक्ति अवाढव्य प्रमाणावर योजतात. तिला डीडुप्लिकेशन म्हणतात. मराठींत पुनरुक्तिनिरास म्हणावयास हरकत नाहीं.

एखाद्या बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या दप्तराची प्रत रोज रात्रीं काढली जाते. कालच्या व आजच्या प्रतींत फरक असतो तो थोडका. म्हणून ती प्रत लहान लहान तुकड्यांत विभागतात व प्रत्येक तुकड्यावर गणित करून त्याचा ठराविक लांबीचा ठसा काढतात. तोच ठसा पूर्वीं येऊन गेला असेल, तर तुकडा पुन्हा ठेवीत नाहींत. नुसता ठसा यादींत टिपतात. बेल लॅबोरेटरीज्‌मधील शॉन क्विनलन व शॉन डॉरवर्ड यांनीं २००२ सालीं वर्णिलेल्या ‘व्हेन्टी’ नांवाच्या कोठारांत असा ठसा ‘शा-१’ या रीतीनें काढीत, व तो २० बाइटांचा असे. बाइट म्हणजे एका रोमन अक्षरापुरती जागा. फाइल परत हवी झाली, कीं यादी क्रमानें वाचावयाची आणि तुकडे जोडीत जावयाचें.

तुकडे पुन्हा ठेवावे लागले नाहींत, तरी यादी मात्र रोज नव्यानें लिहावी लागते. आणि खरी मेख येथेंच आहे. समजा, दप्तर एक टेराबाइटाचें, म्हणजे एक लक्ष कोटि बाइटांचें आहे, आणि तुकडा ८ किलोबाइटांचा आहे. तुकडे झाले सुमारें १२ कोटि २० लक्ष. प्रत्येकीं २० बाइट धरले, तर एका रात्रीची यादी जवळजवळ अडीच गिगाबाइटांची होते. दप्तरांत फारसा बदल न होतां वर्ष गेलें, तर साठा एका टेराबाइटाच्या आसपासच राहतो, पण ३६५ याद्या मिळून ८९० गिगाबाइट अडवून बसतात! पुढें २०१७ सालीं ॲम्स्टरडॅमची एक संशोधनसंस्था आणि गूगल यांनीं एकच शा-१ ठसा असलेल्या दोन निराळ्या फाइली मुद्दाम तयार करून दाखविल्या. त्यापेक्षां भरंवशाचा असा ३२ बाइटांचा ठसा घ्यावा, तर वरील हिशेबानें वर्षाची यादी साठ्याहूनही मोठी होते. मालापेक्षां खातेवहीच जड!

मग यादी नेहमींच्या रीतीनें आवळून लहान कां करूं नये? कारण ती रीति अक्षरांच्या पुनरावृत्तीवर जगते, आणि चांगल्या ठशांत तर कसलीच लकब सांपडूं नये अशीच त्याची घडण असते. रस काढून झालेल्या चिपाडांतून पुन्हा रस काढावा, तसा तो खटाटोप होईल.

उपाय निराळा आहे. जर्मनीमधील माइन्त्स विद्यापीठांतील डिर्क माइस्टर, आंद्रे ब्रिंकमन व टिम झ्यूस यांनीं २०१३ सालीं तो सविस्तर मांडला. बारा कोटि तुकडे ओळखावयास वीस बाइटांची गरजच नाहीं. चार बाइटांत चारशें कोटींहून अधिक निरनिराळे क्रमांक मावतात. पूर्ण ठसा अनुक्रमणिकेंत एकदांच ठेवावा आणि यादींत केवळ आंखूड क्रमांक लिहावा, एवढ्यानेंच वर्षाच्या ८९० गिगाबाइटांचे १७८ होतात. त्यापुढेंही मजल जाते. नुसत्या शून्यांनीं भरलेला तुकडा वारंवार येतो. त्याला सर्वांत आंखूड खूण द्यावी. अमुक तुकड्यामागून बहुधा तमुकच येतो, हें पूर्वींच्या याद्यांवरून ठाऊक असतें. अंदाज बरोबर ठरला कीं ‘नेहमींप्रमाणें’ एवढी खूण पुरे. अशा युक्त्या एकत्र करून याद्या ९३ टक्क्यांपर्यंत लहान होऊं शकतात, असें त्यांनीं जुन्या नोंदींवर चालविलेल्या प्रयोगांत आढळलें.

मात्र ही काटकसर फुकटची नव्हे. पूर्ण ठशांत एखादा अंक बिघडला, तर त्या ठशाचा तुकडाच कोठें सांपडत नाहीं व चूक तत्काळ उघडी पडते. आंखूड क्रमांकांतील एक अंक बदलला, तर तो बहुधा दुसऱ्याच एखाद्या तुकड्याचा अगदीं अस्सल क्रमांक ठरतो. एका रोग्याच्या कागदांत दुसऱ्याचें पान शिरावें आणि कोणास पत्ताही लागूं नये, असा हा प्रकार आहे. यासाठीं यादीच्या प्रत्येक पानावर वेगळी पडताळणीची बेरीज लिहावी लागते. शिवाय क्रमांकावरून तुकडा शोधण्यास अनुक्रमणिका उघडावी लागते. आणि डिस्कवर दरवेळीं नवी जागा धुंडाळण्यांत वेळ जातो. म्हणून त्या तिघांनीं सुचविलेल्या एका पद्धतींत अनुक्रमणिकेच्या पानाचा आंकडा क्रमांकांतच गुंफलेला असतो. त्यामुळें कोणतें पान उघडावयाचें तें क्रमांकावरूनच कळतें, आणि दप्तर परत मागणाऱ्यास फार वेळ तिष्ठत बसावें लागत नाहीं.